चौथ्या शीलापाशी

त्या लग्नात पहिली अक्षता मी टाकली. शेवटचीही मीच टाकली, कारण त्या अख्ख्या हॉलमध्ये तांदूळ फक्त माझ्याच रुमालात होते.

आमच्या कंपनीतल्या पॅकिंग खात्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं, अंबरनाथ पूर्वेला. बौद्ध पद्धतीचं लग्न मी तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. घरून निघताना तांदूळ कुंकवात घोळवून रुमालात बांधून घेतले. "तिकडे फुलं टाकतात," बायको म्हणाली. "तुला काय माहीत," मी म्हणालो. आमच्या संसारातली निम्मी संभाषणं याच दोन वाक्यांत आटोपतात, आणि प्रत्येक वेळी तिला माहीत असतं.

स्टेजवर पांढरं कापड घातलेलं टेबल होतं. त्यावर बुद्धमूर्ती, शेजारी निळ्या कोटातली तसबीर, दोन मेणबत्त्या. वधूवर पांढऱ्या कपड्यांत उभे होते. समोर पांढऱ्याच सदऱ्यातला एक काळासावळा, बारीक माणूस माइकवर काहीतरी म्हणत होता. मग त्याने माइक बाजूला धरला, नवरीला हळू आवाजात काही विचारलं आणि गप्प झाला. सगळा हॉल गप्प झाला. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. मला वाटलं, विधी संपला आणि लोक संकोचाने बसलेत, कोणीतरी सुरुवात करायला पाहिजे. मी उठलो, "सावधान!" म्हणून ओरडलो आणि मूठभर तांदूळ स्टेजवर फेकले.

एक दाणा त्या माणसाच्या चष्म्याच्या काचेवर चिकटला. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "थांबा साहेब. ती अजून काही बोललेली नाही."

आणि पुन्हा थांबला. नवरी हसू दाबत "हो" म्हणाली तेव्हाच त्याने माइक पुन्हा तोंडाशी नेला.

ते सखाराम गमरे. पुढची लाज अशी की हा माणूस अकरा वर्षं माझ्याच कंपनीत, बॉयलरवर होता. मी टाइम ऑफिसात. मला माणसं कार्डावरून ओळखू यायची, चेहऱ्यावरून नाही. गमरे, बॉयलर, पहिली पाळी, उशीर शून्य. एवढीच माझी त्यांच्याशी ओळख.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला बॉयलर हाउसमध्ये गेलो. ते गेजकडे बघत उभे होते. म्हणाले, "दामलेसाहेब, तुमचे तांदूळ कुठले होते? कोलम?" मी म्हटलं, "बहुतेक." "मग भात करायचा होतात," ते म्हणाले. तिथून आमची दोस्ती सुरू झाली.

गमरेदादा मूळचे रत्नागिरीकडचे. राहायला उल्हासनगरात, पाच नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यांमागे. सुटीच्या दिवशी लग्नं लावायची. त्यांच्यात याला बौद्धाचार्य म्हणतात. त्यांची एक रेक्झिनची पिशवी होती. त्यात पांढरं कापड, मेणबत्त्या, उदबत्ती, पांढऱ्या सुताची गुंडी आणि एक वही. सुताला, मेणबत्त्यांना कोणी हात लावला तर चालायचं, वहीला मात्र नाही.

माझं अज्ञान बहुपेडी होतं, आणि ते मी त्यांच्यापुढे मोकळेपणाने उलगडत असे. एकदा कँटीनमध्ये विचारलं, "दादा, एक सांगा. बुद्ध स्वतः बायको-मुलाला सोडून गेले. त्यांना साक्षी ठेवून तुम्ही लग्नं कशी लावता?"

त्यांनी चपातीचा तुकडा ताटात ठेवला. "सोडून गेले, पण विचारून गेले. यशोधरेला विचारलं, आईबापाला विचारलं, मग निघाले."

"आम्ही तर ऐकलंय, कोणाला न सांगता गेले. ती झोपली होती."

"तसंही सांगतात. दोन्ही सांगतात. ते विचारून गेले असं मी धरून चालतो."

"का?"

"कारण तसं धरलं की आपल्यालाही विचारायला लागतं," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

लग्न हा त्यांच्या लेखी दोन माणसांनी शुद्धीवर असताना केलेला करार होता. सात जन्मांचं काही नाही, ग्रह नाहीत, मुहूर्त नाही. एकदा एका घरच्यांनी विहारातल्या भन्तेंनाच आग्रह धरला की लग्न तुम्हीच लावा, म्हणजे जास्त पुण्य. भन्ते बिचारे अवघडून बसलेले. गमरेदादांनी यजमानाला बाजूला घेतलं. "अहो, त्यांनी घरदार सोडलंय. संसाराची हमी त्यांच्याकडे कशी मागता? ते आशीर्वाद देतील, गाथा म्हणतील. लग्न लावायला माझ्यासारखा माणूस लागतो. ज्याला आज सकाळीच दूध उतू घालवलं म्हणून ऐकून घ्यावं लागलंय."

सिगाल नावाच्या एका तरुणाची गोष्ट ते प्रत्येक लग्नात सांगायचे. तो रोज ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करायचा, आणि बुद्धांनी त्याला सांगितलं की बाबा, दिशा म्हणजे माणसं. पूर्व म्हणजे आईबाप. पश्चिम म्हणजे बायको-मुलं. नवऱ्याच्या पाच प्रतिज्ञा आणि बायकोच्या पाच तिथूनच आल्या. मी बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहतो हे कळल्यावर ते मला म्हणाले, "मग तुमचं सोपं आहे. संध्याकाळी ज्या दिशेला घर, त्याच दिशेला नमस्कार." मी हे घरी सांगितलं. बायको म्हणाली, "नमस्कार नको. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका."

प्रतिज्ञा सुरू व्हायच्या आधी ते नवरीला एकच विचारायचे. माइक बाजूला, आवाज खाली. "बाई, तुला हे हवंय का?" आणि मग ते थांबायचे. किती वेळ याला काही माप नव्हतं. टाइम ऑफिसचा माणूस म्हणून मी एकदा घड्याळ लावलं. बेचाळीस सेकंद. बेचाळीस सेकंद म्हणजे काय हे लग्नाच्या हॉलमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. मुलाकडचे चुळबुळतात, मुलीची आई घामाघूम होते, फोटोग्राफर खांदा बदलतो.

उल्हासनगरच्या एका हॉलचा सिंधी मॅनेजर तर हात जोडून स्टेजपर्यंत आला होता. "साईं, जल्दी करो ना. चार बजे दूसरी पार्टी है, उनका घोडा नीचे खडा है."

गमरेदादांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "घोडे को बैठने बोलो."

"साईं, घोडा बैठता नहीं!"

"तो उसको खडा रहने की आदत है. लडकी को नहीं है."

लोक हसले. नवरीही हसली आणि "हो" म्हणाली. पण गमरेदादा हसले नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी समोरच होतो, मला दिसला.

अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सुरुवातीला ते सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचे. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही. इथपर्यंत बॉयलरच्या शिट्टीसारखा खणखणीत आवाज. चौथं शील आलं की आवाज खाली जायचा. "मुसावादा वेरमणी..." एवढं म्हणायचे, मग घसा साफ करायचे. पुढचं लोकच म्हणून टाकायचे. पाचव्याला आवाज परत जागेवर. मी अडाणी, मला वाटलं पाली कठीण असते. मी त्यांना ज्येष्ठमधाची पुडी नेऊन दिली होती. त्यांनी ती घेतली, वर 'बरं वाटलं' असंही सांगितलं.

मुसावाद म्हणजे खोटं बोलणं, हे मला फार उशिरा कळलं.

कंपनी बंद व्हायच्या सुमारास, एका दुपारी. बॉयलर थंड करून ठेवलेला. एवढी वर्षं गरम असलेली ती जागा गार पडली होती आणि आमचे आवाज घुमत होते. गमरेदादा वही मांडीवर घेऊन बसले होते. पहिल्यांदाच त्यांनी ती माझ्या हातात दिली. त्यांनी लावलेल्या प्रत्येक लग्नाची नोंद होती. मुलाचं नाव, मुलीचं नाव, गाव. आणि मुलीच्या नावासमोर, 'हो म्हणाली'. पानंच्या पानं, हो म्हणाली, हो म्हणाली. पहिल्या दोन पानांवर मात्र तसं काहीच नव्हतं, नुसती नावं. दुसऱ्या पानाच्या तळाशी एका नावासमोर पेन टेकवल्याचा ठिपका होता. शाई पसरून मागच्या पानापर्यंत उतरलेली. सुनंदा.

"आधी मी विचारत नव्हतो," ते म्हणाले. "प्रतिज्ञा म्हणवून घ्यायचो की झालं. हिच्या वेळेला नवऱ्याने त्याच्या पाच म्हटल्या. हिची पाळी आली. मी म्हणत गेलो, ही ओठ मिटून उभी. पहिली, दुसरी. मी थांबलो. सासू म्हणाली, लाजते हो ती. खालून हॉलवाला हाका मारत होता. मग मीच पाचही म्हणून टाकल्या आणि साधू साधू साधू म्हणून विधी संपवला. लोकांनी फुलं टाकली."

"मग?"

"नवरा वाईट नव्हता. पीत नव्हता, हात उगारत नव्हता. म्हणून कोणाला काही कळलं नाही. चौथ्या महिन्यात एका दुपारी घरातून गेली. चपला दारात होत्या. भाजीची पिशवी खिळ्याला होती. नदीकाठ बघितला, नातेवाईक बघितले, पोलीस झाले. नाहीच."

त्यांनी हात लांबवून बॉयलरची बंद झडप आणखी आवळली.

"मग तिची आई माझ्याकडे आली. भांडायला नाही. खाली बसली आणि म्हणाली, भाऊ, तुम्ही जवळ उभे होतात. माझ्या पोरीने त्या वेळी हो म्हटलं होतं का?" गमरेदादांनी वही माझ्या हातातून घेतली. "मी म्हणालो, हो."

मी उगाच घड्याळाकडे बघितलं. मी माणसांच्या आत-बाहेरच्या वेळा लिहिणारा माणूस.

"तेव्हापासून प्रत्येक लग्नात चौथं शील आलं की ती बाई दिसते," ते म्हणाले. "आणि नवरीला विचारलं की पोरगी दिसते. ओठ मिटून उभी. ही 'हो' म्हणेपर्यंत ती जात नाही. आणि ती बोलत तर नाहीच."

कंपनी बंद झाली. गमरेदादांच्या मुलाने चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं आणि ते तिकडे गेले. मी भेटायला गेलो की बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसवायचे. "इथे स्टेशन होणार म्हणतात, म्हणून घेतलं," हाताने दाखवत म्हणायचे. "होईल तेव्हा होईल. आपल्याला थांबायची सवय आहे." त्यांना दम लागायला लागला होता. डॉक्टरांनी छातीचं काहीतरी सांगितलं होतं. ते ऐकल्यावर त्यांनी मला फोन केला. "दामलेसाहेब, मोरिवलीला याल माझ्याबरोबर? एकट्याने दोनदा गेलो, गल्लीच्या तोंडातून परत आलो."

सुनंदाची आई, सरूबाई, मोरिवलीत कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत राहते. आम्ही गेलो ती सकाळची अकराची वेळ. दार उघडंच होतं. म्हातारी ज्वारी निवडत बसली होती. दाराच्या आत, फळीवर, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर बायकी चपलांचा एक जोड ठेवलेला होता. अंगठ्याशी झिजलेला, निळ्या पट्ट्यांचा. त्यावर धूळ नव्हती.

गमरेदादा बसले नाहीत. उंबऱ्याच्या आत उभे राहूनच म्हणाले, "आक्का, तुम्ही मला विचारलं होतंत. सुनंदा हो म्हणाली होती का म्हणून. मी हो सांगितलं. ते खोटं होतं. ती काही बोलली नव्हती."

सरूबाईंचा हात सुपात तसाच राहिला. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला..."

"मी म्होरंच बसले हुते की, भाऊ. पहिल्या रांगंत. मलाबी आवाज आला न्हाई." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "आदल्या दिशी हळद लावताना मला म्हनली, आई, थोडं थांबूया का? मी म्हनले, पत्रिका वाटल्या, आता काय थांबायचं? मग ती गेली, तवा मला झोपच यिना. म्हनलं, माझ्याच कानाची चूक आसंल. भाऊ जवळ हुते, ते खोटं बोलायचे न्हाईत. तुमी हो म्हनला. त्या एका हो वर इतकी वर्सं भाकर गिळली मी."

गमरेदादांनी दाराची चौकट धरली.

"आता तेबी परत न्यायला आलात व्हय?" सरूबाई म्हणाल्या.

पलीकडे कारखान्यातून वाफ सोडल्याचा लांब आवाज आला आणि थांबला. माझ्या हातात घड्याळ होतं. मी बघितलं नाही.

मग सरूबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. स्टोव्हवर भांडं ठेवलं. डबा उघडला, चमचा हातात घेतला आणि पाठमोऱ्याच विचारलं, "साखर चालती का तुमाला?"

साधा प्रश्न. पण गमरेदादांना उत्तर देता येईना. ओठ हलायचे, आवाज येत नव्हता. माझ्या तोंडावर आलं होतं, चालते हो, घाला. सवयच तशी. पण सरूबाई चमचा तसाच हवेत धरून उभ्या होत्या, वळल्या नाहीत, घाई केली नाही. पाणी उकळायला लागलं तरी त्या थांबून होत्या. हे थांबणं मी स्टेजवर खूप वेळा पाहिलं होतं, गमरेदादांचं. त्यांच्यासाठी कोणी थांबलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"घाला," शेवटी ते म्हणाले. तिथेच खाली बसले आणि चपलांच्या फळीखाली डोकं टेकून रडले. चहात साखर फार झाली होती. आम्ही तिघंही तो पूर्ण प्यायलो.

निघताना सरूबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "पुन्यांदा या. तिच्याबद्दल बोलायला माझ्याजवळबी कोन न्हाई."

ते जात राहिले. दर पंधरा दिवसांनी, रिक्षाने. काय बोलायचे मला माहीत नाही. मला बोलावलं नाही, आणि मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, न बोलावता गेलो नाही.

त्यांनी लावलेलं शेवटचं लग्न आमच्या बदलापुरातलं. मागच्या हिवाळ्यात. कंपनीतल्याच एका जुन्या माणसाची नात. दादांनी आता लग्नं लावणं सोडलं होतं, पण मुलीने हट्ट धरला. ते खुर्चीवर बसूनच विधी करत होते. मी आणि बायको पहिल्या रांगेत. माझ्या हातात हॉलवाल्यांनी दिलेल्या झेंडूच्या पाकळ्या. तांदळाचा रुमाल बायकोने आता कायमचा जप्त केलाय.

पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," गमरेदादा म्हणाले. पूर्ण. घसा साफ न करता, न अडखळता. म्हातारा आवाज, पण शेवटपर्यंत गेला. लोकांना काहीच कळलं नाही. ते त्यांच्यामागून म्हणून मोकळे झाले. मी मात्र म्हणायचं विसरलो.

मग त्यांनी माइक बाजूला ठेवला आणि नवरीला विचारलं, "बाई, तुला हे हवंय का?"

नवरी आजकालची मुलगी. "हो," स्पष्ट म्हणाली, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी.

गमरेदादा थांबलेलेच. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून हॉलच्या दाराकडे बघत होते. दारात कोणी नव्हतं. पायपुसणं होतं आणि त्यापलीकडे पाहुण्यांनी काढलेल्या चपला.

"काका, मी हो बोलले," मुलगी म्हणाली.

ते बघतच होते. चुळबूळ सुरू झाली. माझ्या मुठीत पाकळ्या ओल्या झाल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "काकांना ऐकू येत नाही वाटतं." त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. ऐकू येत नसलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. कान देऊन बसलेल्या माणसाचा होता.

शेवटी मुलगी वाकली, तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. ते दचकले. तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हो का? बरं. बरं झालं." मग प्रतिज्ञा सुरू झाल्या. गाथा झाली, फुलं पडली. मी माझी मूठ सगळ्यात शेवटी उघडली.

माझ्या डोळ्यांसमोर ते तसेच राहिलेत, दाराकडे बघणारे. पुढच्या महिन्यात ते गेले. चिखलोलीला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने ती वही मला दाखवली. शेवटच्या मुलीच्या नावासमोर 'हो म्हणाली'. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, सुनंदापुढच्या त्या जुन्या ठिपक्याजवळ, कापऱ्या अक्षरात नवीन लिहिलेलं. 'विचारलं नाही.'

त्या शेवटच्या लग्नाहून परतताना मी आणि बायको हेंद्रेपाड्यापर्यंत चालत आलो होतो. मोरिवलीला जे झालं त्यातलं मी बायकोला फारसं सांगितलेलं नव्हतं. सुनंदाच्या हळदीच्या दिवसाचं तर मुळीच नाही. मी आपला, वातावरण हलकं करावं म्हणून म्हणालो, "आपल्या लग्नात गमरेदादा असते तर काय झालं असतं गं?"

दोन दुकानं गेली, एक गल्ली गेली. मी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे नाही, एवढं श्रेय मला द्यावं.

"मला विचारलं असतं, तर मी म्हणाले असते, थोडं थांबूया का," ती म्हणाली. "आणि तेवढ्यात तुम्ही अक्षता टाकल्या असत्या."